मावशींचा डावा गुडघा

कात्रीमावशींच्या हाताखाली जी कोणी यायची, तिला पहिल्याच दिवशी एक वाक्य ऐकावं लागायचं आणि ते तिला जन्मभर पुरायचं. कापडावरून कापड कापायचं नाही, पुठ्ठ्यावरून कापायचं.

त्यांच्या शिवणखान्यात शाळांचे गणवेश आणि दवाखान्यांचे अंगरखे शिवले जात. प्रत्येक मापाचा पुठ्ठ्याचा फर्मा मावशींच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेला असे. तो उतरवायचा, कापडावर ठेवायचा, कडेने खडूची रेघ ओढायची आणि मग कात्री चालवायची. पण माणसाचा हात मुळात आळशी. भिंतीपर्यंत कोण जातंय, आत्ताच कापलेला तुकडा समोर पडलाय, तोच ठेवू आणि पुढचा आखू, असं त्याला वाटतं. खडूच्या रेघेला थोडी जाडी असतेच, त्यामुळे दुसरा तुकडा पहिल्यापेक्षा केसभर मोठा होतो आणि ते कोणाच्या बापाला कळत नाही. मग तिसरा दुसऱ्यापेक्षा केसभर, चौथा तिसऱ्यापेक्षा. अशा रीतीने एका नव्या बाईने बालवाडीचे साठ झगे कापले होते. पहिला झगा चार वर्षांच्या मुलीला अगदी मापात बसला आणि साठावा जवळजवळ तिच्या शाळेतल्या बाईंना. मावशींनी तो साठावा झगा टाकू दिला नाही. टेबलाशेजारी कायमचा टांगून ठेवला. त्याचं दर्शन घेतल्याशिवाय नव्या माणसाच्या हातात कात्री पडत नसे.

मावशी एकसष्ट वर्षांच्या, अंगाने काटक, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या चर्चच्या मंडळीचे पाळक त्यांना म्हणाले होते की विश्वासात नवी आलेली माणसं नुसती रविवारी बाकावर बसून वाढत नाहीत, कुणीतरी त्यांना बोटाला धरून चालवावं लागतं. मावशींनी ते मनावर घेतलं. मावशी एखादी गोष्ट मनावर घेतात म्हणजे काय होतं हे ठाऊक असतं, तर पाळकांनी जरा जपून सांगितलं असतं. तेव्हापासून दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, कापडाचे गठ्ठे ठेवायच्या खोलीत, मावशी कुणा ना कुणाला घेऊन बसत. शास्त्रातला एक उतारा वाचायचा, त्यातलं एक तरी काम त्या आठवड्यात करायचं, केलं की नाही ते पुढच्या गुरुवारी सांगायचं आणि शेवटी प्रार्थना. केलं नसेल तर मावशी रागवत नसत, नुसत्या बघत. ते बघणं रागवण्यापेक्षा महाग पडायचं.

पण मावशींचा हात चांगला होता, हे त्यांच्याशी भांडणारेही कबूल करत. दहा बाया त्यांच्या हाताखालून गेल्या. कुणी आता तुरुंगातल्या बायकांना भेटायला जायची, कुणी परगावी जाऊन तिथे आपल्यासारख्या चौघींना बोटाला धरून चालवत होती. मावशींना त्याचं सुख होतं, आणि आपल्याला त्याचा गर्व नाही याचा थोडासा गर्वही होता.

अकरावी होती काजवाली. काज पाडायच्या मशीनवर बसायची म्हणून काजवाली. चाळिशीची, उंच, खाली मान घालून काम करणारी. दिवसाला हजार काज पाडायची आणि वाक्यं बोलायची दहा. दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या आजारपणात मावशी महिनाभर रोज संध्याकाळी तिच्या घरी गेल्या होत्या. उपदेशाचा एक शब्द काढला नाही, भांडी घासली, कपडे वाळत घातले आणि घरी आल्या. नवरा उठून कामाला लागला त्या दिवशी काजवालीने विचारलं की हे तुम्ही कुणाच्या जिवावर करता. मावशींनी सांगितलं, येशूच्या. काजवाली म्हणाली, मग मलाही त्याच्याकडे घेऊन चला.

ती मनापासून शिकत होती. पण प्रार्थनेची वेळ आली की तिची दातखीळ बसायची. चार माणसांशी बोलताना जिला घाम फुटतो ती देवाशी मोठ्याने काय बोलणार. मावशींनी त्यावर सोपा तोडगा काढला. म्हणाल्या, मी म्हणते तसं म्हण, माझ्यामागून.

आता मावशींची प्रार्थना म्हणजे नेहमीच्या रस्त्याने घरी जाणाऱ्या माणसासारखी. रोजची वळणं ठरलेली. आधी देवबापाचे आभार, मग मंडळी, मग आजारी माणसं, मग शिवणखान्याचे मालक आणि त्यांचा रक्तदाब. मग माझ्या डाव्या गुडघ्याला बळ दे. हा गुडघा सहा वर्षांपूर्वी जिन्यात मुरगळला होता आणि दोन वर्षांत खडखडीत बरा झाला, पण विनंती काही रजेवर गेली नव्हती. आणि सगळ्यात शेवटी, आमेनच्या आधी, जरा खालच्या आवाजात, "माझ्या दादाला सुबुद्धी दे. त्याला आधी बोलायला लाव. आणि तोवर मला गप्प राहायची शक्ती दे."

दादा म्हणजे मावशींचा थोरला भाऊ. निवृत्त टपालवाला, बसने गेलं तर अर्ध्या तासाच्या अंतरावर राहायचा. आई गेली तेव्हा त्याने घर आवरताना तिचं पायमशीन भंगारात देऊन टाकलं. मावशी त्या मशीनवर शिवण शिकल्या होत्या. पॅडलपर्यंत पाय पोचत नव्हते तेव्हा आईच्या पायांवर पाय ठेवून त्यांनी ते चालवलं होतं. ते गेलेलं कळलं तेव्हा आईच्या स्मरणार्थ जमलेल्या सगळ्या नातेवाइकांसमोर मावशी दादाला म्हणाल्या, "आईलाच भंगारात घातलंस." दादा उठला आणि आतल्या खोलीत गेला. त्याला अकरा वर्षं झाली होती. मावशींचं म्हणणं असं की चूक त्याची, तेव्हा आधी त्याने बोलावं. आणि त्या वाट बघत होत्या, प्रार्थनापूर्वक.

शास्त्रात एक जागा अशी आहे, जिथे येशू सांगतो की देवाला अर्पण वाहायला गेलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. मावशींनी हे दहा जणींना शिकवलं होतं आणि दहाही जणींकडून करवून घेतलं होतं. काजवालीच्या वेळी हा उतारा यायचा होता, पण तिथे पोचण्याआधीच मावशींना मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली.

सहा आठवडे धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. कापडाइतकी धूळ दुसऱ्या कशात असते, म्हणजे शिवणखाना बंद. तेवढ्यात इस्त्रीवालीने गुरुवारी यायला सुरुवात केली होती. ती सव्वीस वर्षांची, गोलमटोल, तोंडाचा पट्टा इस्त्रीच्या वाफेसारखा अखंड चालू. मावशींनी तिला काजवालीच्या हाती सोपवलं. मला जमणार नाही, असं काजवाली तीनदा म्हणाली. मावशी म्हणाल्या, जसं मी तुला शिकवलं तसं तू तिला शिकव, बस्स. घरी डोळ्यावर पट्टी बांधून बसल्यावर त्यांना वाटे, त्या दोघींचं गाडं अडलं असेल. आणि गाडं माझ्याशिवाय नीट चाललं असेल, असंही कधीकधी वाटे. या दोन विचारांपैकी दुसरा त्यांना जास्त टोचायचा, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

सातव्या गुरुवारी मावशी परत आल्या. जेवणाची सुट्टी झाली होती. गठ्ठ्यांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आत दोघी डोळे मिटून बसलेल्या. मावशी पाऊल न वाजवता दाराशी स्टुलावर टेकल्या. नव्या डोळ्याला सगळं लख्ख दिसत होतं, कापडाचा खरा पांढरा रंगसुद्धा. प्रार्थना इस्त्रीवाली करत होती. सहा आठवड्यांत पोरगी मोठ्याने प्रार्थना करायला लागली, या विचाराने मावशींचा ऊर भरून आला.

आभार झाले. मंडळी झाली. मालकांचा रक्तदाब झाला. मावशी गालातल्या गालात हसल्या.

"आणि देवबापा," इस्त्रीवाली म्हणाली, "माझ्या डाव्या गुडघ्याला बळ दे. उजव्यालाही दे, म्हणजे दोन्ही सारखे राहतील."

मावशींना हसू आवरेना. तोंडावर पदर धरून त्या गदगदत राहिल्या. सव्वीस वर्षांची पोरगी, दिवसभर उभी राहून इस्त्री करते, जिना चढते तो दोन-दोन पायऱ्या, आणि हिचे गुडघे कसले दुखतात.

"आणि ज्यांच्याशी आम्ही बोलत नाही त्या सगळ्यांना सुबुद्धी दे," इस्त्रीवाली पुढे म्हणाली. "त्यांना आधी आमच्याकडे यायला लाव. ते येईपर्यंत आम्हाला गप्प राहायची शक्ती दे. आमची मान वाकू देऊ नकोस. आमेन."

आमेन, असं काजवालीही म्हणाली. मावशींचं हसू घशातच राहिलं. मान वाकू देऊ नकोस, हे त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. पण ते कुठून वाढलं हे त्यांना समजलं.

दोघींनी डोळे उघडले, मावशींना पाहिलं आणि आनंदाने उठल्या. मावशींनी डोळ्याची खुशाली सांगितली, शाबासकी दिली आणि मग सहज विचारल्यासारखं इस्त्रीवालीला विचारलं की तू गं कुणाशी बोलत नाहीस. ती म्हणाली, तीच तर आधी अडचण होती, सगळ्यांशीच बोलायची, मग प्रार्थनेतला तो भाग रिकामा जायचा. पण मागच्या आठवड्यात कपडे वाळत घालायच्या दोरीवरून शेजारणीशी वाजलं, तेव्हा बरं झालं. आता तो भाग मनापासून म्हणता येतो.

 मावशींनी काजवालीकडे पाहिलं, तेव्हा तिने आपलं सांगितलं.

काजवालीचं जे होतं ते मावशींना आजवर ठाऊकच नव्हतं. तिची मोठी जाऊ वरच्याच मजल्यावर राहायची. काजवालीचा नवरा अंथरुणाला खिळला होता त्या महिन्यात ती एकदाही जिना उतरली नाही. काजवालीने तेव्हापासून तिच्याशी बोलणं टाकलं. मग विश्वासात आली, मावशींमागून प्रार्थना म्हणू लागली, आणि जिथे मावशी दादा म्हणत तिथे ती मनात जाऊबाई म्हणू लागली. आता येत्या रविवारी दुपारी जाऊबाई बिऱ्हाड आवरून दुसऱ्या गावी चालली होती. दिराची बदली झाली होती. जिन्यात खोकी रचून ठेवली होती, त्यांच्या बाजूने काजवाली रोज अंग चोरून जायची.

"रविवारी जाणार ती," काजवाली शांतपणे म्हणाली. "बोलली तर मी बोलेन. नाही बोलली तर देवाची मर्जी. तुम्ही दादांसाठी अकरा वर्षं थांबलात, मावशी. माझी तर दोनच झाली."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. तिला मावशींचा अभिमान होता. तिला वाटत होतं की आपण शिष्य म्हणून वाढतोय.

आधी तू जा, एवढे तीन शब्द मावशींच्या जिभेवर आले होते. पण ते कुठल्या तोंडाने बोलायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि मावशी आपल्या टेबलाशी आल्या. शेजारी तो साठावा झगा लटकत होता. आजवर हजारदा त्यांनी तो दुसऱ्यांना दाखवला होता. त्या दिवशी त्यांनी त्याच्याकडे पाठ करून काम केलं.

घरी गेल्यावर मावशींनी देवाशी भांडण काढलं. त्यांची देवाशी तेवढी ओळख होती. चूक दादाची आहे, हे तुला दिसत नाही का, त्या म्हणाल्या. मशीन त्याने दिलं. विचारलं नाही, सवरलं नाही. मग मी का जायचं. स्वयंपाकघरात नळ ठिबकत राहिला. मग त्यांनी तडजोडीची भाषा केली. मी जाणार नाही, पण काजवालीला जायला सांगते, मी चुकले पण तू चुकू नकोस, असं म्हणते. यात वाईट काय आहे. वाईट काही नव्हतं, पण मावशी वीस वर्षं हेच सांगत आल्या होत्या की सांगून कुणी शिकत नाही, बघून शिकतं. काजवालीने बघूनच तर हे शिकून घेतलं होतं. तिने मावशींवरून मावशी कापली, आणि इस्त्रीवालीने काजवालीवरून. फर्मा खिळ्याला तसाच टांगलेला राहिला. आपण ख्रिस्ताकडे न्यायला निघालो आणि वाटेत आपणच आडवे उभे राहिलो, हे मावशींना त्या संध्याकाळी स्वच्छ दिसलं आणि त्या रडल्या. डॉक्टरांनी रडायला मनाई केलेली नव्हती.

शुक्रवारी काम सुटल्यावर त्या बसमध्ये बसल्या. वाटेत वाक्य तयार केलं. दादा, त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुला तसं बोलायला नको होतं, माझं चुकलं. मशीनचा विषय काढायचा नाही, हेही ठरवलं. वाक्य लांबीला बेताचं होतं, एकदाच म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

दार वहिनीने उघडलं. तिचे केस पूर्ण पांढरे झाले होते. ती बाजूला झाली आणि तिने आत बोट दाखवलं. दादा खिडकीशी बसून मोडक्या छत्रीची काडी तारेने बांधत होता. मावशी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि वाक्य एका दमात म्हणून टाकलं.

दादाने कानाला हात लावला. "काय म्हणालीस?"

अकरा वर्षांत दादाला ऐकू येईनासं झालं होतं, हे मावशींना माहीत नव्हतं. माहीत कसं असणार. त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. दादाने मान हलवली, समजलं नाही. वहिनी दारातून म्हणाली, डाव्या कानात बोला आणि चांगलं ओरडून बोला. तेव्हा मावशी त्याच्या डाव्या बाजूला गेल्या, वाकल्या, आणि जे एकदा म्हणायलाही अकरा वर्षं जीभ रेटत नव्हती ते तिसऱ्यांदा खच्चून ओरडल्या. "दादा, माझं चुकलं."

शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. सगळ्या मजल्याने ऐकलं असणार.

दादाने छत्रीच्या तारेला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाला, "तुझ्या कारखान्यात वीस मशीनं. मला वाटलं, एकविसावं कशाला."

मावशींच्या मनात लगेच उत्तर आलं, धारदार, नेहमीच्या कात्रीचं. त्यांनी ते गिळलं. 

"नंतर शोधायला गेलो होतो," दादा म्हणाला. "चार दुकानं फिरलो. मिळालं नाही. मग कुठल्या तोंडाने यायचं तुझ्याकडे."

वहिनीने चहा आणला. मावशींनी चहा घेतला आणि छत्रीची दुसरी बाजू धरून ठेवली, म्हणजे दादाला तार नीट पिळता येईल. फारसं बोलणं झालं नाही. बोलायचं म्हणजे ओरडावं लागत होतं. निघताना दादा दारापर्यंत आला आणि म्हणाला, बुधवारी ये, बुधवारी मी मोकळा असतो. निवृत्त माणूस, रोजच मोकळा. पण मावशींनी बुधवार कबूल केला.

शनिवारी अर्धा दिवस काम. सुटल्यावर मावशींनी दोघींना गठ्ठ्यांच्या खोलीत बोलावलं. येताना त्यांनी खिळ्यावरून साठावा झगा काढून आणला आणि मांडीवर ठेवला. आणि काही हातचं न राखता सगळं सांगितलं. गुडघा चार वर्षांपूर्वीच बरा झालाय. दादासाठी मी जी प्रार्थना करत होते ती प्रार्थना नव्हती, माझा हट्ट होता, त्याला मी आमेन जोडलं होतं. मी तुम्हाला येशूवरून कापायला शिकवायचं, ते माझ्यावरून कापायला शिकवलं. मग तो अर्पणाचा उतारा काढून वाचला आणि काल बसने कुठे गेल्या होत्या ते सांगितलं, तीनदा म्हणावं लागलं त्यासकट. इस्त्रीवाली हसता हसता रडायला लागली. काजवाली झग्याकडे बघत बसली होती.

"आजपासून माझ्यामागून म्हणायचं नाही," मावशी म्हणाल्या. "माझ्यात येशूचं काही दिसलं तर घ्या. बाकीचं माझं मला ठेवा."

इस्त्रीवालीने लगेच डोळे मिटले. मग म्हणाली, "देवा, माझे गुडघे ठणठणीत आहेत. त्याबद्दल कधी आभार मानले नव्हते, ते आज मानते. आणि दोरी अर्धी शेजारणीची आहे, हे मला माहीत आहे." एवढं बोलून ती थांबली. त्या पोरीच्या तोंडून इतकं थोडक्यात काही आलेलं मावशींनी पहिल्यांदाच ऐकलं.

मग काजवालीची पाळी. तिने डोळे मिटले, देवा म्हणाली आणि थांबली.  बाहेर कुणीतरी झाडू मारत होतं. मावशींच्या ओठांवर पुढचे शब्द तयार होते, जाऊबाईंना, मला, धीर, सगळे. दोन वर्षं त्यांनी असेच शब्द पुरवले होते. त्यांनी ओठ दाताखाली दाबून धरले. काजवालीने पुन्हा एकदा देवा म्हटलं, आणि काही न मागता आमेन म्हणून डोळे उघडले. कुणाकडे न बघता पिशवी उचलली आणि घरी गेली. तू जाणार आहेस का, हे विचारायचं मावशींनी महत्प्रयासाने टाळलं.

रविवारी उपासना सुरू झाली तरी काजवालीची जागा रिकामी होती. मावशी दर दोन मिनिटांनी मागे वळून बघत होत्या. पाळकांनी काय सांगितलं त्यातलं त्यांना नंतर एक अक्षर आठवलं नाही. शेवटचं गीत चालू असताना काजवाली आत आली. केस विस्कटलेले, बाह्यांना धूळ, हाताच्या तळव्यांवर सुतळीचे लाल वळ. ती मावशींच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि गायला लागली. आवाज बसलेला होता.

गीत संपेपर्यंत मावशींनी दम धरला. मग हळूच विचारलं, काय बोललीस.

"काही नाही," काजवाली म्हणाली. "वर गेले. ती एकटीच खोकी बांधत होती. मी सुतळीचं दुसरं टोक धरलं. ती म्हणाली, गाठ घट्ट मार. मग आम्ही सगळी खोकी बांधली."

"आणि मग?"

"मग ती म्हणाली, भाऊजींना तसं पडलेलं बघायची मला भीती वाटायची, म्हणून आले नाही. जिन्यात चार पायऱ्या उतरायची आणि परत जायची म्हणे." काजवालीने बाहीने डोळे पुसले. "मी म्हटलं, मलाही भीती वाटायची."

मावशी नुसत्या तिच्या हातांवरच्या वळांकडे बघत राहिल्या. काजवालीला वाटलं की आपलं काही चुकलं. ती ओशाळून म्हणाली, "मावशी, तुम्ही केलंत तसं मी केलं नाही. माझं चुकलं, असं म्हणायचं राहूनच गेलं."

"राहू दे," मावशी म्हणाल्या आणि तिचा वळ उठलेला तळवा आपल्या दोन्ही हातांत घेतला. "बरं झालं."